मगदूम मॅडमचं भ्या

आमच्या कंपनीत माणसं भेटली की एकमेकांना ‘जेवलासा का?’ विचारायची आणि मगदूम मॅडम ‘पेन कुठं हाय?’ विचारायच्या. गेटवर, कँटीनच्या रांगेत, गणपतीच्या आरतीत हातात तबक असतानासुद्धा. पेन म्हणजे लिहायचं नव्हे, पेनड्राईव्ह. माझ्या मुलीच्या लग्नाला त्या आल्या, अक्षता टाकल्या, आहेर दिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तुमचा पेन कपाटात ठिवलासा न्हवं?” फेटा बांधून उभ्या असलेल्या वधूपित्याला असलं काही विचारणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ठेवला होता म्हणून बरं.

आमचा कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. ओतीव कामं आणायची, मशीनवर घासून-कातून त्यांचे व्हॉल्व्ह करायचे, हा धंदा. मी तपासणी खात्यात आहे. परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आम्हाला मिळालं तेव्हा त्याची अट अशी होती की, त्याची ड्रॉइंगं मेलनं फिरवायची नाहीत, साध्या पेनात घालायची नाहीत. प्रयोगशाळेनं पारखून प्रमाणपत्र दिलेले कुलूपबंद पेन वापरायचे आणि त्यांच्यावर राखण करायला एक जबाबदार माणूस ठेवायचा. हा जबाबदार माणूस म्हणजे मगदूम मॅडम. दरवर्षी गिऱ्हाइकाची माणसं येऊन सगळं तपासणार आणि पसंत पडलं तर कंपनीच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण करणार. ते प्रमाणपत्र आहे तोवर काम, आणि काम आहे तोवर आमची दुसरी पाळी.

त्या पेनांची करामत मला मॅडमनीच समजावली. आतला मजकूर असा विस्कटलेला असतो की पासवर्डाशिवाय त्याचा कुणाला काही उपयोग नाही. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की पेन स्वतःच सगळं पुसून टाकतो. शिवाय नेट असलेल्या कॉम्प्युटरला लावला की तो आधी मॅडमच्या केबिनमधल्या यंत्रणेला विचारतो, उघडू का? मॅडम बसल्या जागेवरून तो बंद करू शकत, पुसू शकत, मग तो कागलात असो की जर्मनीत. फक्त नेट नसलं की थोडी पंचाईत. त्यासाठी प्रत्येक पेनाला काही दिवसांची मुदत दिलेली असायची, तेवढे दिवस तो न विचारताही उघडायचा. पुढचं सगळं रामायण या मुदतीवरून घडलं, म्हणून एवढं आधी सांगून ठेवतो.

बाई ठेंगण्या, सुती साडी, चप्प बसवलेले केस. मूळच्या कुरुंदवाडच्या. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान होतं. घरात आईशी कन्नड, बाहेर आमच्यासारखंच मराठी. आईला त्या अव्वा म्हणत. भीती कशाची वाटत नव्हती ते विचारा. लिफ्टची, पालीची, कुकरच्या शिट्टीची, अनोळखी नंबरच्या फोनची. केबिनला कुलूप लावून झालं की चार पावलं जायच्या आणि परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, “मॅडम, एक दिवस ते कुलूपच हातात येईल.” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “नदीकाठची माणसं आमी. पाणी येतंय म्हणणाऱ्याला गाव खुळा म्हणतंय. पायरीला लागलं की मग त्येलाच हाका मारतंय.”

दुकानदाराच्या घरात वाढल्यामुळं अशुभ शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. सापाला लांबडं, कॉम्प्युटरच्या व्हायरसला जनावर. दुकान बंद केलं असं त्यांच्या वडिलांनी कधी म्हटलं नाही, वाढवलं म्हणायचे. दिवा वाढवायचा, बांगडी फुटली तर वाढवली. ही रीत काही त्यांच्या एकट्यांची नाही, आपल्या सगळ्यांचीच आहे, पण मॅडमनी ती पेनालाही लावली. पेन पुसायचा झाला तर त्या ‘वाढवायचा’ म्हणायच्या. मार, पूस, खलास कर असलं काही कुणी बोललं की त्यांना कसंतरी व्हायचं. आम्हाला सवय होती. ‘मॅडम, माझा जुना पेन वाढवा की’ असं आम्हीही म्हणायचो.

नव्या माणसांना त्या एक व्याख्यान द्यायच्या. त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं, “प्रमाणपत्र पेनाला हाय, तुमच्या खिशाला न्हाई.” त्यावर सगळे हसायचे आणि बाहेर पडून विसरायचे. मग त्यांनी एक युक्ती केली. काही कोरे पेन पार्किंगमध्ये मुद्दाम पडल्यासारखे टाकले. कुणी उचलून कॉम्प्युटरला लावला की मॅडमना तेवढी खबर मिळणार, बाकी काही नाही. पहिली खबर आली ती आमच्या वर्क्स मॅनेजरांच्या, जाधवसाहेबांच्या कॉम्प्युटरवरून. दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. मॅडम माझ्याकडं आल्या त्या घामाघूम होऊन. “आता त्येस्नी मी कसा सांगू?” म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या ‘मी सांगतो, मी बघतो’ असंच बोलायच्या. शेवटी सांगितलं. साहेब चारचौघांत मोठ्यानं हसले, पण ते काही विसरले नाहीत.

दुसरी गोष्ट रंगराव चौगल्याची. रंगराव मशीन शॉपचा सुपरवायझर. त्याचे वडील म्हशीला नावानं हाक मारायचे, तो आवाज त्यानं मोबाईलवर घेतला होता. वडील गेले, पुढं मोबाईलही बिघडला. आवाज राहिला तो फक्त कंपनीच्या पेनात, कारण ह्या पठ्ठ्यानं सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून तो तिथं ठेवला होता. मग एका सणाच्या सुट्टीनंतर पासवर्ड आठवेना. आठवेल तो घालत गेला आणि पेन आपलं काम करून मोकळा झाला. रंगराव मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिला. “एवढं एक परत आणा की मॅडम. दुसरं काय नगं.”

ते येत नाही. मॅडम घाबरल्या, आणि माणूस घाबरला की करतो तेच त्यांनी केलं, नियम सांगितला. “घरचं काय ठिवायचं न्हाई म्हणून सांगिटलं हुतं की.” रंगराव निघून गेला. त्यानंतर त्या माझ्या खोलीत येऊन रडल्या हे रंगरावला कधी कळलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं होतं. रंगरावनं नवा पेन घेतला आणि पासवर्ड पुन्हा विसरायला नको म्हणून तो चिकटपट्टीवर लिहून पेनालाच डकवला. ते कळलं असतं तर मॅडमना तिथंच भोवळ आली असती.

अखेर तो पेन हरवला. रंगरावला वाटलं, येताना बसमध्ये पडला. त्यानं कुणालाच विचारलं नाही. घरात उलथापालथ केली, डेपोत जाऊन आला, पण कंपनीत अवाक्षर काढलं नाही. चेहरा उतरलेला बघून एका सकाळी मीच त्याला खोदून विचारलं, तेव्हा बांध फुटला. “पासवर्ड डकवलाय त्येच्यावर,” हे त्यानं सगळ्यात शेवटी सांगितलं.

मॅडम त्या दिवशी कोल्हापुरात दवाखान्यात होत्या. अव्वाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यांच्या जागी अभ्यंकर बसले होते, पुण्याहून नुकतेच आलेले, टापटिपीचे आणि अतिशय सज्जन गृहस्थ. आल्या आल्या त्यांनी मला हळूच विचारलं होतं की, मॅडम स्वतःला ‘मी येतो’ का म्हणतात. त्यांनी कॉम्प्युटरवर पेनांच्या यंत्रणेचा पडदा उघडला आणि पांढरेफटक पडले. रंगरावचा पेन रोज सकाळी कुठल्यातरी कॉम्प्युटरला लागत होता. आत्तासुद्धा लागलेलाच होता. कंपनीच्या नेटवर तो नव्हता, त्यामुळं कॉम्प्युटर कुणाचा ते कळत नव्हतं, गावाच्या जागी मात्र मुंबई दिसत होतं.

रंगराव तिथंच खाली बसला. मी त्याला धरून बाहेर बाकावर नेलं, पाणी दिलं. त्यामुळं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही, नंतर अभ्यंकर आणि मॅडम दोघांकडून वेगवेगळं कळलं. अभ्यंकरांनी मॅडमना फोन लावला. एरवी त्यांच्याशी मॅडम कामाचं इंग्रजीत बोलायच्या आणि तसल्या वेळी ‘वाईप’ म्हणायच्या. पण त्या क्षणी अव्वाचं स्ट्रेचर दारातून आत चाललं होतं. आईला आत नेत असताना पुसून टाक, संपव, असलं काही, कुठल्याही भाषेत, त्यांच्या जिभेवर येईना. त्या म्हणाल्या, “लागलाय तवर वाढवा. बघत बसू नगा, वाढवा.” आणि फोन ठेवला.

अभ्यंकरांच्या पडद्यावर पेनाची मुदत वाढवायचं बटण खरोखरच होतं. त्यांना वाटलं, पेन चालू ठेवून चोराचा माग काढायचा मॅडमचा विचार असेल. त्यांनी जास्तीत जास्त, म्हणजे महिन्याची मुदत वाढवली. पेनानं ती घेतली. आता महिनाभर कुणालाही न विचारता तो कुठंही उघडायला मोकळा होता.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी अव्वाला अतिदक्षता विभागात सोडून मॅडम रिक्षानं थेट कागलला आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, “वाढवला?”

“हो, लगेच वाढवला. महिन्यानं.”

“महिन्यानं म्हंजे?”

अभ्यंकर बोलत गेले तशा मॅडम खुर्चीचा हात चाचपत खाली बसत गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दिवा वाढवणं अभ्यंकरांनाही ठाऊक होतं. त्यांच्या आजीच्या तोंडचं ते होतं, पण कॉम्प्युटरच्या पडद्यापुढं बसल्यावर ते कुणाला आठवणार? त्यांना जेव्हा उमगलं तेव्हा त्या सज्जन माणसानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मॅडमनी पुसायचा हुकूम सोडला, पण पेन लागलेला नव्हता. त्या दिवसानंतर तो लागलाच नाही.

पुढचे दिवस आठवले की अजून माझा जीव घाबरा होतो. पेन रोज लागत होता तेव्हा निदान तो आहे हे कळत होतं, आता तो गप्प होता. मॅडम त्या पडद्यासमोरून हलत नव्हत्या. डबा तसाच घरी जायचा. अभ्यंकर पुन्हा पुन्हा सांगत, “मॅडम, मोबाईलच्या नेटवर लावला असेल तर गाव चुकीचं दिसतं. तो मुंबईत असेलच असं नाही.” पण दिलाशाचं बोलणं त्या कानाआडच करायच्या. मधेच माझ्या खोलीत येऊन उभ्या राहायच्या. “आत्ता कोणतर उघडून बसलं आसंल का वो?” मी कसला सांगतोय? त्यांची भीती मलाही लागली. घरी मी कपाटाची कुलपं ओढून बघायला लागलो, आणि बायको हसली तेव्हा तिच्यावर खेकसलो.

त्यातच गिऱ्हाइकाची तपासणीची माणसं यायची वेळ झाली. जाधवसाहेबांनी मॅडमना बोलावलं. मापाच्या अहवालासाठी मीही तिथं होतो.

“हे बघा मॅडम,” साहेब म्हणाले, “हरवलेला पेन पुसून नष्ट केला, एवढं ल्ह्या आणि सही करा. हुकूम तर सोडलाय न्हवं?”

“हुकूम त्येला पोचला न्हाई, साहेब.”

“त्ये त्यास्नी कुठं दिसतंय? सर्टिफिकेट गेलं तर सेकंड शिफ्ट बंद हुईल. त्या पोरांच्या घरात काय सांगायचं?”

मॅडमनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. “मला भ्या वाटतंय,” त्या म्हणाल्या.

“कशाचं?”

“सही करायचं.”

साहेबांना हसू आलं, मलाही आलं असतं. पण बाई जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी समजावलं, दटावलं, नोकरी जाईल असं सुचवलं. दर वेळी उत्तर एकच, मला भ्या वाटतंय. भीतीपोटी माणूस खोटी सही करतो हे मी आयुष्यभर बघत आलो होतो. भीतीपोटी सही न करणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. तसं बोलून दाखवायला हवं होतं, पण साहेब समोर होते.

तपासणीचे पाहुणे आले तेव्हा मॅडमनी स्वतःच सगळं सांगितलं. पेन बाहेर आहे, पासवर्ड त्याच्यावरच डकवलेला आहे, पुसलेला नाही. चूक कुणाची असं पाहुण्यांनी विचारलं. रंगराव दारापाशी घामानं भिजून उभा होता, अभ्यंकर मान खाली घालून बसले होते. “सांगताना शब्द माझा चुकला,” मॅडम म्हणाल्या आणि एवढ्यावर थांबल्या. प्रमाणपत्र स्थगित झालं. ते काम दुसऱ्या कारखान्याकडं गेलं आणि आमची दुसरी पाळी थांबली. कँटीनमध्ये लोक उघड म्हणायला लागले, बाईनं घात केला. मॅडमना राजीनामा द्यायला कुणी सांगितलं नाही, फक्त साहेब त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. मॅडमनी तो आपणहून दिला.

शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांना आवरायला मदत करत होतो. आवरायचं तरी काय होतं? बसवेश्वरांची छोटी तसबीर, डबा, पाण्याची बाटली, एक शाल. तेवढ्यात दारात तुकाराम लाड येऊन उभा राहिला. लाड मशीनचे प्रोग्रॅम लिहायचा. अबोल, कामाला वाघ. त्यानं तेलकट हातांनी टेबलावर मशीन पुसायच्या चिंध्यांचा एक बोळा ठेवला आणि उलगडला. आत रंगरावचा पेन होता. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

“मशीनच्या टेबलावर ऱ्हायला हुता,” लाड खाली बघत म्हणाला. “रंगराव घरला गेलता. जॉब थांबू ने म्हणून मी लॅपटॉपला लावला. शेडात वायफाय येत न्हाई, मोबाईलचं नेट घेतलं. रोज सकाळी लावायचो. मग कळलं, तुमी ह्योच हुडकताय म्हणून.”

“मग तवाच का न्हाई दिलास?” मॅडमनी विचारलं.

“दुसऱ्याच्या पेनला हात लावला म्हणून नोकरी जाईल आसं वाटलं. भ्यालो.”

“कुणाला?”

“तुमास्नी.”

मॅडमनी मागं वळून बघितलं. मागं खिडकी होती, दुसरं कुणी नव्हतं. “मला?” त्या म्हणाल्या.

लाडनं मान हलवली. मॅडमनी पेन उचलून आपल्या कॉम्प्युटरला लावला. वाट बघत पडलेला हुकूम त्याला मिळाला आणि बघता बघता तो कोरा झाला. जाता जाता त्यानं आपली सगळी हकीकतही दिली. लाडच्या लॅपटॉपखेरीज तो कुठंही लागला नव्हता. मुंबई कधी नव्हतीच. आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो ते सगळे दिवस पेन शेडातल्या टूलबॉक्समध्ये होता, केबिनच्या खिडकीतून दिसणाऱ्या मशीनखाली. मॅडमनी गिऱ्हाइकाला दोन ओळी कळवल्या, पेन सापडला, बाहेर गेला नव्हता. लाडचं नाव घातलं नाही. त्याला म्हणाल्या, “जा, मशीनवर जा.” तो गेल्यावर त्यांनी शाल घडी करून पिशवीत घातली. मग मला विचारलं, आणि खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, “माझं भ्या? माझं भ्या कुणाला वाटंल वो?”

पेन हरवूनही कंपनीत अवाक्षर न काढणारा रंगराव माझ्या डोळ्यांसमोर आला. मी डब्याचं झाकण लावत राहिलो, त्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

पिशवी घेऊन त्या निघाल्या. मी गेटपर्यंत सोडायला आलो असतो, त्यांनीच नको म्हटलं. मी जिन्यावर उभा राहून बघत होतो. चहाची सुट्टी झाली होती, शेडापासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर माणसं घोळक्यानं उभी होती. मॅडम दिसल्या तसं बोलणं थांबलं. एकानं मोबाईल पाठीमागं धरला. सगळे दोन्ही बाजूंना सरकले आणि मधे मोकळी वाट झाली. इतकी वर्षं रोज हे असंच व्हायचं, आणि बाईंना वाटायचं माणसं मान देतात. आपली माणसं किती अदबीनं वाट देत्यात, असं त्या मला म्हणायच्याही. त्या थांबल्या. दोन्हीकडच्या चेहऱ्यांकडं त्यांनी बघितलं. मग रस्ता सोडून त्या कंपाउंडच्या भिंतीलगतच्या गवतात उतरल्या आणि कुणाला बाजूला सरकायला लागू नये म्हणून, अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेनं गेटकडं चालत गेल्या.